जुन्या घराचे अ‍ॅस्बेस्टॉसचे पत्रे उतरवायचे असतील तर

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: घर साठ वर्षांहून जुने, लाकडी चौकटीचे, बाहेरून रंगवलेले सपाट सिमेंटचे पत्रे. काही कोपऱ्यांवर ते तडकले आहेत आणि त्यांत अ‍ॅस्बेस्टॉस असावे असा तुम्हाला संशय आहे. आता बाहेरचे आच्छादन बदलायचे आहे. तर जुन्यावरूनच नवे लावावे का, पत्रे स्वतः उतरवता येतील का, आणि काम चालू असताना घरात राहावे का?

असे पत्रे उतरवण्याचे आणि उतरवून घेण्याचे काम मी बरीच वर्षे करतो आहे. या कामातली सगळी तयारी एकाच गोष्टीसाठी असते: पत्रा भिंतीवरून अख्खा खाली यावा. तो मोडला नाही, कापला गेला नाही, घासला गेला नाही, तर हवेत फारसे काही जात नाही. त्यामुळे माझा पहिला आग्रह हा की उतरवण्याचे काम नवे आच्छादन लावण्याच्या कामात मिसळू नका. नवे लावणाऱ्याची नजर नव्यावर असते. जुने त्याला वाटेतून बाजूला करायचे असते, आणि घाईने बाजूला केलेला पत्रा मोडतोच.

आधी पदार्थाबद्दल. सिमेंटमध्ये अ‍ॅस्बेस्टॉसचे तंतू मिसळून पातळ, मजबूत पत्रे बनवण्याची पद्धत ऑस्ट्रियाच्या लुडविग हाचेक याने १९०१ मध्ये पेटंट केली. हे पत्रे स्वस्त होते, जळत नव्हते, कुजत नव्हते, वाळवीलाही दाद देत नव्हते. म्हणून पुढची सत्तर-ऐंशी वर्षे ते जगभरच्या भिंतींवर आणि छपरांवर गेले. अशा पत्र्यात तंतूंचे प्रमाण साधारण १० ते १५ टक्के असते आणि बाकीचे सिमेंट. बहुतेक वेळा त्यात पांढरे अ‍ॅस्बेस्टॉस, म्हणजे क्रायसोटाइल असते. जुन्या मालात तपकिरी किंवा निळेही सापडते. तंतू सिमेंटमध्ये घट्ट बसलेले असल्यामुळे धड असलेला, रंगवलेला पत्रा भिंतीवर नुसता असल्याने माणूस आजारी पडत नाही. पत्रे वर्षानुवर्षे शांतपणे भिंतीवर असतील, तर आज रात्री घर सोडून जाण्याचे कारण नाही.

धोका आहे तो तंतू सुटे होण्यात. श्वासाबरोबर फुप्फुसात खोलवर जाणारे तंतू जाडीला ३ मायक्रॉनपेक्षाही (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) कमी असतात. ते डोळ्यांना दिसत नाहीत, त्यांना वास नाही, त्यांनी खोकलाही येत नाही आणि हवेत ते तासन्‌तास तरंगत राहू शकतात. आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने सर्वच प्रकारचे अ‍ॅस्बेस्टॉस माणसात निश्चितपणे कर्करोग करणाऱ्या पदार्थांच्या गटात ठेवले आहे. पांढरे अ‍ॅस्बेस्टॉस त्याला अपवाद नाही. फुप्फुसाचा कर्करोग, फुप्फुसाच्या आवरणाला होणारा मेसोथेलिओमा हा कर्करोग आणि फुप्फुस घट्ट करत नेणारा अ‍ॅस्बेस्टॉसिस हे त्यातले प्रमुख आजार. मेसोथेलिओमा बहुधा संपर्कानंतर वीस ते पन्नास वर्षांनी दिसतो. धूम्रपान करणाऱ्यात फुप्फुसाच्या कर्करोगाचा धोका अ‍ॅस्बेस्टॉसमुळे कितीतरी पटींनी चढतो. १९६० मध्ये जे. सी. वॅग्नर आणि सहकाऱ्यांनी दक्षिण आफ्रिकेतले मेसोथेलिओमाचे रुग्ण नोंदवले, तेव्हा त्यांतले कित्येक जण अ‍ॅस्बेस्टॉसच्या खाणीत कधी उतरलेलेच नव्हते, नुसते खाणींच्या परिसरात राहिलेले होते. धूळ लागलेले कपडे घरात नेऊ नका असे आम्ही कामगारांना परत परत बजावतो ते यासाठीच. ती धूळ घरी मुलांपर्यंत पोचते.

आता तपासणी. नुसत्या नजरेने कोणीही खात्री देऊ शकत नाही, मीसुद्धा नाही. घराचे वय, पत्र्याच्या मागचा बारीक खळगेदार पोत, सांध्यांवरच्या पट्ट्या, हे सगळे संशय वाढवते, खात्री करत नाही. ज्या देशांत अ‍ॅस्बेस्टॉसवर बंदी आली तिथे बंदीच्या आसपासच्या वर्षांत जुना आणि नवा माल एकाच घरावर लागलेला असू शकतो. दुरुस्तीत बदललेला एखादा पत्रा तंतुविरहित असतो आणि शेजारचा नसतो. म्हणून प्रत्येक भिंतीतून आणि वेगळ्या दिसणाऱ्या प्रत्येक पत्र्यातून वेगळा नमुना द्या. शक्यतो हे काम परवानाधारक तपासनिसाकडून करून घ्या. तो आधीच तुटलेल्या कोपऱ्यातून, पत्रा ओला करून, नखाएवढा तुकडा काढतो, दुहेरी पिशवीत बंद करतो, आणि उघडी पडलेली कड रंगाने किंवा गोंदाने बुजवतो. प्रयोगशाळेत ध्रुवित प्रकाशाच्या सूक्ष्मदर्शकाखाली तंतूंचा प्रकार ओळखतात. चाचणीचा खर्च पूर्ण कामाच्या मानाने फार किरकोळ असतो. तो वाचवू नका.

तपासनीस येणार असेलच तर त्याला फक्त भिंती दाखवून परत पाठवू नका. वळचणीखालचे पत्रे, पन्हळी आणि पावसाच्या पाण्याचे पाइप, धुराडे, वीजमीटरमागची काळी फळी, खिडक्यांच्या काचांभोवतीचे लुकण, पत्र्याच्या मागचा डांबरी कागद, या सगळ्यांत अ‍ॅस्बेस्टॉस सापडू शकते. आच्छादन बदलताना यांतल्या जवळजवळ प्रत्येक गोष्टीला हात लागतो. शिवाय इतक्या जुन्या घराच्या रंगात शिसे असण्याची शक्यताही खरी असते. त्याची चाचणी त्याच फेरीत करून घ्या. रंग खरवडण्याचा मोह टाळायला मग दोन कारणे होतात.

आता जुन्यावरून नवे लावायचे की नाही. हा पर्याय पहिल्या नजरेत सगळ्यांना आवडतो: काही उतरवायचे नाही, काही टाकायचे नाही. काही ठिकाणी नियम त्याला परवानगी देतात. जर्मनीत मात्र अशा पत्र्यांवर झाकण घालण्यालाच बंदी आहे. माझे मत साधारणपणे विरोधात आहे. नव्या पट्ट्या लावण्यासाठी जुन्या पत्र्यातून शेकडो स्क्रू चौकटीत जातात, आणि प्रत्येक छिद्रातून धूळ पडते. साठ वर्षांचा पत्रा ठिसूळ असतो, स्क्रू आवळताना मागच्या मागे तडकतो आणि ते दिसतही नाही. पत्र्यामागे लाकूड कुजले असेल, वाळवी असेल, तर तीही झाकली जाते. आणि दहा-वीस वर्षांनी खिडकी बदलायला येणारा सुतार नव्या फळ्यांमधून निर्धास्तपणे करवत चालवतो, कारण मागे काय आहे हे त्याला कोणी सांगितलेलेच नसते. पत्रे पूर्णपणे धड असतील आणि तुम्हाला फक्त घर नीट दिसायला हवे असेल, तर झाकण्यापेक्षा रंगवणे कितीतरी बरे. हलक्या हाताने ओल्या फडक्याने पुसा, पत्र्याला धरून बसणारा अस्तर रंग लावा, वर दोन हात रंग. घासू नका, आणि दाबाच्या पाण्याने तर मुळीच धुऊ नका. पाऊस-उन्हाने पत्र्याचा पृष्ठभाग झिजून तंतू मोकळे झालेले असतात. दाबाचे पाणी ते सोलून काढते आणि बागेत, शेजाऱ्याच्या खिडकीत, गटारात नेऊन टाकते.

तुमच्या बाबतीत मात्र पत्रे तडकलेले आहेत आणि आच्छादन तसेही बदलायचे आहे. तेव्हा उतरवा.

स्वतः करावे का? कायदा प्रत्येक ठिकाणी वेगळा आहे. कुठे घरमालकाला ठरावीक क्षेत्रफळापर्यंत मुभा असते, कुठे एक पत्राही परवान्याशिवाय काढता येत नाही. ऑस्ट्रेलियात बहुतेक राज्यांत ही मर्यादा १० चौरस मीटर आहे, म्हणजे एका छोट्या खोलीच्या एका भिंतीइतकी. मुभा असली तरी पूर्ण घराचे काम स्वतः करू नका असेच मी सांगेन. सहा मिलिमीटर जाडीच्या पत्र्याचे वजन चौरस मीटरला दहा किलोच्या आसपास भरते. भिजल्यावर ते आणखी वाढते. परांचीवर उभे राहून, तोंडावर घट्ट मास्क, अंगावर बंद पोशाख, दोघांनी मिळून असा पत्रा न मोडता खाली आणायचा असतो. सवय नसलेला माणूस तासाभरात थकतो आणि थकल्यावर हातातला पत्रा सुटतो.

तुम्ही माणसे लावलीत तरी काम कसे व्हायला हवे हे तुम्हाला माहीत असले पाहिजे, कारण चुकीचे काम ओळखायला तिथे बहुधा तुमच्याशिवाय कोणी नसते.

काम सुरू होण्याआधी घराच्या पायथ्याशी जमीन नीट पाहून घ्यावी. जुन्या घरांच्या वळचणीखाली आधीच तुटलेले तुकडे पडलेले असतात. ते आधी वेचून, पिशवीत घालून, फोटो काढून ठेवावेत, नाहीतर नंतर कोणाचे तुकडे कोणाचे यावरून वाद होतो. मग भिंतीपासून दोन-तीन मीटरपर्यंत जाड प्लास्टिक अंथरतात, किमान २०० मायक्रॉनचे, आणि त्याची भिंतीकडची कड चिकटपट्टीने पक्की करतात. खिडक्या, दारे, झरोके, वातानुकूलन यंत्रांची तोंडे बंद करून चिकटपट्टी लावतात. शेजाऱ्यांना आधी सांगून ठेवावे, म्हणजे तेही खिडक्या बंद ठेवतील आणि वाळत घातलेले कपडे आत घेतील. वारा असेल त्या दिवशी काम थांबते. यावर कंत्राटदार कुरकुर करत असेल तर तो चुकीचा कंत्राटदार आहे.

परांची बांधणाऱ्याला वेगळे सांगावे लागते, आणि हे जवळजवळ सगळे विसरतात. परांची घराला बांधायला तो सवयीने भिंतीत ड्रिलने छिद्र पाडतो. म्हणजे एकही पत्रा निघण्यापूर्वी, कोणी मास्कही घातलेला नसताना, अ‍ॅस्बेस्टॉसमध्ये यंत्राने भोके पडतात. परांची स्वतःच्या पायांवर उभी राहील अशी मागा, नाहीतर तिचे टेकू पत्रे नसलेल्या जागी घ्या.

पोशाख एकदाच वापरायचा, अंगभर, टोपीसह. टोपी मास्कच्या पट्ट्यांवरून घ्यायची. बूट बिनलेसचे. मास्क धूळ अडवणारा साधा नको, एन ९५ सुद्धा पुरेसा नाही. पी ३ किंवा पी १०० दर्जाची गाळणी असलेला, चेहऱ्यावर घट्ट बसल्याची चाचणी घेतलेला रबरी मास्क हवा. दाढी असेल तर मास्क बसतच नाही. दोन दिवसांचे खुंटसुद्धा फट ठेवतात. कामगार दाढी ठेवून आला तर त्याला त्या दिवशी परत पाठवणे ही कठोरता नाही. त्याच्या मुलांचा विचार करून तरी हे करावेच लागते.

पत्रे भिजवताना बागेतला हातपंप वापरतात, धार हलकी, पाण्यात भांडी घासायच्या साबणाचे थोडे थेंब, म्हणजे पाणी ओघळून न जाता पत्र्यात मुरते. आधी सांध्यांवरच्या पट्ट्या निघतात. मग वरून खाली यायचे, विशेषतः पत्रे एकमेकांवर चढवलेले असतील तर, कारण खालच्या पत्र्याचे खिळे वरचा काढल्यावरच मोकळे होतात. खिळ्याच्या डोक्याभोवती पुन्हा ओले करायचे, डोक्याखाली चपटी पहार अलगद घालायची. गंजलेला खिळा हलत नसेल तर पकडीने त्याचे डोके कापायचे आणि पत्रा खिळ्यावरून सरळ पुढे ओढायचा. पहार पत्र्याच्या मध्यभागी टेकवून उचकटायचे नाही. पत्रा सुटला की मागची बाजूही भिजवायची, कारण तिला कधी रंग लागलेलाच नसतो. मग तो दोघांनी हातात धरून खाली द्यायचा. फेकायचा नाही, घसरवायचा नाही, आणि पिशवीत बसत नाही म्हणून तोडायचा तर अजिबात नाही. ग्राइंडर, विजेची करवत, सॅंडर, हवेचा फुंकर मारणारे यंत्र, यांतले एकही साधन त्या दिवशी आवारात दिसता कामा नये. घरातला व्हॅक्यूम क्लीनर आणि कोरडा झाडूही नको. साधा व्हॅक्यूम तंतू गिळतो आणि मागच्या बाजूने पुन्हा हवेत सोडतो. अ‍ॅस्बेस्टॉससाठीच बनवलेला, ०.३ मायक्रॉनचे ९९.९७ टक्के कण अडवणाऱ्या गाळणीचा व्हॅक्यूम लागतो.

काम संपवण्याचा क्रमही ठरलेला असतो: पोशाख व्हॅक्यूमने आणि ओल्या फडक्याने साफ, मग तो आतली बाजू बाहेर करत सोलून पिशवीत, आणि मास्क सगळ्यात शेवटी. मास्क आधी काढणारा माणूस नेमका धूळ उडण्याच्या क्षणी उघड्या तोंडाने उभा असतो.

घरात राहण्याबद्दल: ते एक-दोन दिवस बाहेर राहा, विशेषतः लहान मुले असतील तर. बाळगलेली जनावरेही न्या. कुत्रा अंथरलेल्या प्लास्टिकवरून चालतो आणि तसाच घरात येतो.

पत्रे निघाल्यावर भिंतीची पोकळी उघडी पडते आणि तिथे बहुतेकदा एक गोष्ट हमखास सापडते. घर बांधताना सुतारांनी कापलेले पत्र्यांचे तुकडे आणि भुसा खालच्या आडव्या लाकडावर पडून राहिलेला असतो. उष्णतारोधक कापूस असेल तर त्यातही धूळ उतरलेली असते. हे सगळे ओले करून, व्हॅक्यूम करून, चौकट फडक्याने पुसून निघायला हवे. कंत्राटात ही ओळ स्वतंत्र लिहून घ्या, कारण नुसते ‘पत्रे काढणे’ म्हटले की पोकळीची सफाई वगळली जाते.

दुसरी गोष्ट चौकटीच्या ताकदीची. काही जुन्या घरांत चौकट तिरकी होऊ न देण्याचे काम नकळत हे पत्रेच करत असतात. चौकटीत तिरके दांडे नसतील, तर चारही भिंती एकदम उघड्या करू नका. एक बाजू उतरवा, चौकट तपासा, तिरके आधार किंवा प्लायवूड लावा, पाणीरोधक पडदा लावा आणि मगच पुढे जा. इथे बांधकाम अभियंत्याची एक भेट पैसे वसूल करून देते. कुजके लाकूड बदलायची आणि उष्णतारोधक भरायची संधीही हीच.

नवे काही चढवण्यापूर्वी पत्रे उतरवणाऱ्याशी संबंध नसलेल्या तपासनिसाकडून जागा साफ असल्याचे प्रमाणपत्र घ्या. तो पोकळी, जमीन आणि झुडपे डोळ्यांनी पाहतो, गरज वाटल्यास हवेचे नमुने घेतो. जो उतरवतो त्यानेच स्वतःच्या कामाला उत्तीर्ण करणे मला कधीच मान्य झालेले नाही, मग माणूस कितीही प्रामाणिक असो.

टाकण्याबद्दल थोडेच: दुहेरी जाड प्लास्टिक, पिशवीचे तोंड पिळून, दुमडून चिकटपट्टीने बंद, वर इशारा लिहिलेला, आणि परवाना असलेल्याच ठिकाणी. तिथली पावती तुमच्या हातात आल्याशिवाय शेवटचा हप्ता देऊ नका. बागेत पुरलेले किंवा मातीमोलाने कोणाला दिलेले पत्रे पुढच्या माणसाच्या फावड्याखाली येतात.

नवे आच्छादन लाकडी फळ्यांचे, धातूचे किंवा आजच्या अ‍ॅस्बेस्टॉसविरहित तंतुसिमेंटचे घ्या. निवड तुमची हवा आणि देखभालीची तयारी पाहून करा. दोन गोष्टी मात्र पाहा. चौकट आणि आच्छादन यांमध्ये उभ्या पट्ट्या देऊन हवा खेळायला आणि पाणी उतरायला जागा ठेवा. जुन्या भिंतीत ती बहुधा नव्हती. पट्ट्यांमुळे भिंत बाहेर येते, तेव्हा खिडक्यांच्या कडांना नवे झाकण आणि पाणी वळवणारे पत्रे लागतील, ते आधीच मोजून ठेवा. तंतुसिमेंट निवडलेत तर त्यात अ‍ॅस्बेस्टॉस नसले तरी कापताना उडणारी सिलिकाची धूळ फुप्फुसाला घातकच आहे. तेव्हा धूळ ओढून घेणाऱ्या यंत्राने किंवा कातरीने कापायला सांगा, आणि तेही घरापासून दूर.

शेवटी प्रयोगशाळेचा अहवाल, साफ जागेचे प्रमाणपत्र आणि टाकल्याची पावती एका जागी ठेवा. त्यासोबत घराचा साधा आराखडा काढून अ‍ॅस्बेस्टॉस अजून कुठे कुठे शिल्लक आहे ते खुणा करून ठेवा: वळचण, मीटरची फळी, धुराडे, जे काही या खेपेला काढले नाही ते. या आराखड्याची एक प्रत मीटरच्या पेटीच्या आत चिकटवा. वीजतंत्री ड्रिल लावण्यापूर्वी तीच पेटी उघडतो.